पस्तिसाव्या वर्षी पहिली कम्युनियन

बाळाची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी, व्हायचे असेल, तर वयाची सोळा वर्षे पूर्ण असावी लागतात, आपण स्वतः ख्रिस्तप्रसाद (म्हणजे कम्युनियन, ख्रिस्ताचे शरीर म्हणून घेतलेली भाकर) आणि दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार) हे दोन्ही संस्कार घेतलेले असावे लागतात आणि आपण त्या बाळाचे आई-वडील नसावे लागते. कॅथलिक चर्चच्या धर्मनियमांतील ही अट मला मे 2024 मध्ये मावसबहिणीच्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या निमित्ताने कळली. माझा बाप्तिस्मा झालेला होता, पण त्यापुढचे काहीच झालेले नव्हते. बाळाला दुसरी धर्ममाता मिळाली आणि जुलैमध्ये तिचा बाप्तिस्मा थाटात पार पडला. म्हणजे ज्या कारणासाठी मी चौकशीला गेले होते ते कारण दोन महिन्यांतच उरले नाही. तरीही मी सुरू केलेले पुढे चालू ठेवले, आणि ते जून 2025 मध्ये पूर्ण झाले. माझ्यासारखी माणसे आपल्या किनारपट्टीवर पुष्कळ आहेत: बाप्तिस्मा गावी झाला, मग नोकरी-बदल्यांत चर्च मागे पडले आणि आता लहान मुलांच्या रांगेत उभे राहायचा संकोच वाटतो. त्यांच्यासाठी हे तपशिलात लिहीत आहे.

माझी आई वसईची, कॅथलिक. बाबा रत्नागिरीचे, हिंदू. बंदर खात्यात नोकरीला होते. आई-बाबांचे लग्न चर्चमध्ये झाले तेव्हा, मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत करण्यासाठी शक्य ते सारे करीन, असे वचन आईने रीतसर दिले होते. त्यातला बाप्तिस्मा तिने 1990 मध्ये आजीच्या गावी, वसईत करून घेतला. संगोपनाचा भाग मात्र बदल्यांनी खाल्ला. जिथे बदली होई तिथून चर्च दूर असे, आणि धर्मशिक्षणाचे वर्ग त्याहून दूर. नोकरीसाठी वसईला मावशीकडे राहायला आले तेव्हा मला ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि ‘नमो मारिया’ एवढ्या दोन प्रार्थना पाठ होत्या, आणि मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, कधी उठायचे, कधी गुडघे टेकायचे हे मी शेजारच्या बाकाकडे पाहून ठरवत असे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या परिसराच्या, प्रमुख धर्मगुरूंना भेटले. ते मला लाजवतील अशी मनाची तयारी करून गेले होते. फादरांनी चहा मागवला, माझे वय विचारले आणि ‘‘मग बाप्तिस्म्याचा दाखला कुठे आहे?’’ या प्रश्नावर आले. त्यांनी सांगितलेला क्रम असा होता: आधी दाखला, दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सिस्टरांकडे एक तास धर्मशिक्षण, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, ईस्टरच्या आदल्या रात्री पहिली कम्युनियन, आणि बिशप दृढीकरणासाठी धर्मग्रामात येतील तेव्हा दहावीच्या मुलामुलींबरोबर दृढीकरण. मुलांच्या वर्गात मला बसावे लागणार नव्हते. मुलांचा वर्ग सुटल्यावर त्याच खोलीत, त्याच बुटक्या बाकावर, मी आणि सिस्टर दोघीच बसू, असे ठरले. निघताना ते म्हणाले, ‘‘आणि रोज पंधरा मिनिटे. त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचायचे. समजले नाही तरी वाचायचे.’’ शुभवर्तमान म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग; मिस्सेसाठी त्यातला रोज एक उतारा ठरलेला असतो. कागदपत्रांची मला भीती वाटली होती, या पंधरा मिनिटांची नाही. प्रत्यक्षात उलटे झाले.

तरी कागदपत्रांचे आधी सांगते, कारण तिथेच बहुतेक जण अडतात. वसई धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, 1998 मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याआधीचा बाप्तिस्मा असल्यामुळे दाखल्यासाठी मुंबईला जावे लागेल, असे मला दोघा-तिघांनी ठामपणे सांगितले होते. तसे काही नसते. नोंदवही ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये राहते आणि दाखलाही तिथूनच मिळतो. मी आजीच्या गावच्या चर्चच्या कार्यालयात जन्मतारीख घेऊन गेले आणि तिथे नोंद सापडेना. दोन वेळा ‘‘नाही’’ असे उत्तर मिळाल्यावर तिसऱ्या भेटीत एका वयस्क कारकुनांनी कारण सांगितले. वहीतल्या नोंदी बाप्तिस्म्याच्या तारखेच्या क्रमाने असतात, जन्माच्या नव्हे. आणि आमच्याकडे बाळ-बाळंतीण गावी येईपर्यंत सहा-सात महिने सहज गेले होते. मावशीच्या कपाटातल्या एका फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि महिना होता. तो दाखवल्यावर पाच मिनिटांत पान निघाले. तेव्हा दाखला मागायला जाताना जन्मतारखेबरोबर बाप्तिस्म्याचा अदमासे महिना, आई-वडिलांची नावे आणि धर्ममाता-धर्मपित्याची नावे लिहून न्यावीत. दाखल्याचे शंभर रुपये दिले.

नोंद सापडली, पण तीत बाबांचे नाव चुकलेले होते. बाबा दत्ताराम, वहीत दत्तात्रय. नोंद करणाऱ्याने बहुधा आपल्या परीने पूर्ण नाव लिहिले असावे. एवढ्याने पहिली कम्युनियन अडत नाही, असे फादरांनी स्पष्ट सांगितले, पण पुढे लग्नाच्या किंवा कसल्याही कामी हाच दाखला पुन्हा निघणार, तेव्हा आत्ताच दुरुस्त करून घे, असा सल्लाही दिला. नोंदवहीत खाडाखोड करण्याचा अधिकार चर्चमधल्या फादरांनाही नसतो. अर्ज बाप्तिस्मा झालेल्या चर्चमार्फत धर्मप्रांताच्या कार्यालयात जातो आणि तिथून लेखी परवानगी आली की समासात शेरा मारला जातो. मूळ नोंद जशीच्या तशी राहते. माझ्याकडून जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बाबांचे आधारकार्ड, आई-बाबांच्या लग्नाचा दाखला आणि आई-बाबांचे संयुक्त प्रतिज्ञापत्र मागितले गेले.

प्रतिज्ञापत्रासाठी ऑगस्टमध्ये वसई रोडवरून कोकण रेल्वेने रत्नागिरीला गेले. तेव्हा शंभरचा स्टॅम्प पेपर चालला. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात तिथे पाचशेचा लागू लागला, म्हणून खर्चाचा अंदाज त्याप्रमाणे धरावा. टंकलेखन आणि नोटरी मिळून आणखी चारशे गेले. नोटरीच्या टेबलापाशी बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि सरकारी नोकरीत सही करण्यापूर्वी करीत तसे प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. ‘माझ्या संमतीने माझ्या मुलीस बाप्तिस्मा देण्यात आला’ या ओळीवर बोट थांबले. त्यांनी नोटरीला सांगितले, ‘‘इथे ‘आमच्या’ करा. मी हजर होतो, मागच्या बाकावर.’’ पान पुन्हा टाइप झाले. हे मला पस्तीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. धर्मप्रांताचे कार्यालय वसईतच बऱ्हामपूरला, बिशप्स हाऊसमध्ये आहे. तिथली परवानगी ऑक्टोबरअखेर आली आणि शेरा मारलेला नवा दाखला नोव्हेंबरात हाती पडला. या मधल्या काळात धर्मशिक्षण थांबले नाही. कागद पूर्ण होईपर्यंत थांबू, असे कोणी म्हणत असेल तर तसे करण्याची गरज नाही.

आता त्या पंधरा मिनिटांविषयी. 10 जूनच्या सोमवारी सुरुवात केली, कारण सिस्टर म्हणाल्या की त्या दिवसापासून रोजच्या मिस्सेत मत्तयचे शुभवर्तमान पाचव्या अध्यायापासून सुरू होते. रोजच्या वाचनांची रचना ठाऊक असली तर हरवल्यासारखे वाटत नाही, म्हणून ती थोडक्यात देते. सामान्य काळात, म्हणजे नाताळ-ईस्टर आणि त्यांच्या तयारीचे काळ सोडून उरलेल्या दिवसांत, रोजचे शुभवर्तमान दरवर्षी त्याच क्रमाने येते: आधी मार्क, मग मत्तय, मग लूक. शुभवर्तमानाआधीचे पहिले वाचन दोन वर्षांच्या चक्रात फिरते आणि रविवारची वाचने तीन वर्षांच्या. डोंगरावरील प्रवचनाचे पहिले दिवस सुरेख गेले. संदेष्टा एलियाला ओढ्याकाठी कावळे भाकर आणून देतात, तो उताराही त्याच सोमवारचा. वाटले, हे तर जमते आहे. मग जुलैच्या अखेरीस पहिल्या वाचनात यिर्मया संदेष्टा आला आणि ऑगस्टमध्ये यहेज्केल. मी वाचत होते आणि मनात काहीही उतरत नव्हते. सकाळी सातच्या सुमारास विरार लोकलमध्ये, वरच्या कडीला एक हात, दुसऱ्या हातात मोबाइल, अशा अवस्थेत यरुशलेमच्या नाशाचे शब्द वाचणे म्हणजे नुसती डोळ्यांची हजेरी होती.

सिस्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मला ज्ञानाचा पाठ दिला नाही, रीत बदलून दिली. पहिले वाचन सध्या सोडून दे. शुभवर्तमान रात्रीच, उद्याचे आज वाच. एकदा भरभर, एकदा हळू, आवाज काढून. एक वाक्य अडकले तर ते कागदावर लिही. नाही अडकले तर स्तोत्राचे धृपद लिही. सकाळी गाडीत फक्त ते वाक्य. जुन्या मठांतून हीच रीत चालत आलेली आहे: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसते देवासमोर बसणे. या शेवटच्या पायरीबद्दल मी अजूनही फारसे बोलू शकत नाही. बहुतेक वेळा माझी भाजी निवडण्याची यादी तिथे सुरू होते.

आमच्या डब्यात मिरारोडपर्यंत जपमाळ म्हणणाऱ्या चार-पाच बायका असतात, हे मला वर्षभर आधीपासून माहीत होते; पण मी त्यांच्यापासून दोन बाके दूर उभी राहत असे. सप्टेंबरात एकदा त्यांतल्या एकीने सरकून जागा केली. कोणत्या वारी कोणती रहस्ये, म्हणजे येशू-मारियेच्या जीवनातले प्रसंग, म्हणायची हे मी तिथे शिकले: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची, जी पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली. गर्दीत मणी मोजता येत नाहीत म्हणून त्या बोटांच्या पेरांवर मोजतात. एकटीच्या प्रार्थनेत माझे लक्ष जिथे पाच मिनिटे टिकत नव्हते, तिथे चार परक्या आवाजांच्या मध्ये पाचही रहस्ये पार पडत. ज्यांना घरी प्रार्थना जमत नाही त्यांनी ती आधी कोणाबरोबर तरी करून पाहावी, असे मी अनुभवाने म्हणेन. एकांत नंतरही मिळतो.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. आमच्या आळीत लघु ख्रिस्ती समूहाची, म्हणजे शेजारच्या कॅथलिक कुटुंबांच्या गटाची, जपमाळ रोज एका घरी असते, आणि त्या महिन्यात मला धर्मग्राम म्हणजे काय ते कळले, कारण चर्चच्या इमारतीत जे कळत नाही ते लोकांच्या ओटीवर कळते. कोणाच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळली आहे म्हणून प्रार्थना तिच्या खाटेभोवती होते. कोणाच्या मुलाचे जहाज आखातात आहे म्हणून एक दशक, म्हणजे दहा मण्यांची फेरी, जास्त. प्रार्थनेनंतर चणे, केळी, काळा चहा. मला प्रश्नही तिथेच झेलावे लागले: एवढ्या उशिरा का, लग्न ठरले आहे का, बाबांना चालते का. सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देत असे. नंतर मावशीनेच परस्पर ‘‘तिला वाटले, म्हणून’’ असे सांगून विषय संपवायला सुरुवात केली.

1 डिसेंबर 2024 ला नाताळच्या तयारीचा आगमनकाळ सुरू झाला आणि रविवारची वाचने लूककडे वळली. ज्यांना वर्षाच्या मध्येच सुरुवात करायची भीती वाटते त्यांनी आगमनकाळाचा पहिला रविवार धरावा. चर्चचे वर्ष तिथूनच सुरू होते. नाताळच्या धामधुमीत वाचन तुटले, जानेवारीत पुन्हा बसले. त्यावर विशेष काही सांगण्यासारखे नाही.

उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार 5 मार्चला होता. उपवासकाळातल्या तिसऱ्या रविवारी, 23 मार्चला, फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दृष्टांत वाचला गेला. मालक म्हणतो, तीन वर्षे झाली, तोडून टाक. माळी म्हणतो, यंदाचे वर्ष राहू द्या, मी भोवताली खणून खत घालतो. आमच्या भागात अर्ध्या बाकांवर वाडीवाले बसलेले असतात. प्रवचनात फादरांनी विचारले की झाडाभोवती आळे करताना मुळे दुखावतात की नाही. पुढच्या बाकावरचे एक काका मोठ्याने ‘‘दुखावतात, पण थोडी’’ असे म्हणाले आणि चर्च हसले. माझ्या वहीत त्या आठवड्याचे वाक्य ‘यंदाचे वर्ष राहू द्या’ हेच आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात पहिले पापनिवेदन होते, आणि साऱ्या वर्षात मला खरी धास्ती याचीच होती. पस्तीस वर्षांचे काय काय सांगायचे? सिस्टरांनी सांगितले की गंभीर पापे प्रकारानुसार आणि आठवेल तितक्या संख्येने सांगायची. आत्मचरित्र सांगायचे नाही. दहा आज्ञा समोर ठेवून मी एका कागदावर मुद्दे लिहिले. कागद नेला तर चालतो, फक्त नंतर फाडून टाकावा. आमच्याकडे जाळीपलीकडे बसून किंवा समोरासमोर, दोन्ही प्रकारे पापनिवेदन करता येते. मी जाळी निवडली. ‘माझे हे पहिलेच पापनिवेदन आहे’ हे वाक्य सुरुवातीलाच म्हटले की पुढचे फादर सांभाळतात. पश्चात्तापाची प्रार्थना मला मधेच आठवेना, तर जाळीपलीकडून त्यांनी ती एक-एक ओळ सांगितली आणि मी मागून म्हटली. प्रायश्चित्त म्हणून स्तोत्र 51 दिले. बाहेर आले तेव्हा रांगेतल्या बाईने मला वेळ विचारली. दहा मिनिटेसुद्धा झालेली नव्हती.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यासाठी कार्यालयात आधीच रजा टाकून ठेवावी, कारण गुरुवार ते शनिवार तिन्ही संध्याकाळी चर्चमध्ये जातात. 19 एप्रिलच्या रात्रीचा ईस्टर जागरणविधी सर्वांत लांब. अंगणात नवा अग्नी पेटवतात. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवर फादर क्रूस, आल्फा-ओमेगा आणि चालू वर्षाचे आकडे कोरतात. मग काळोख्या चर्चमध्ये एका ज्योतीवरून सर्वांच्या मेणबत्त्या लागत जातात. बायबलच्या जुन्या करारातील सात वाचने ठरलेली आहेत. वेळेनुसार काही गाळता येतात, पण समुद्र दुभंगल्याचे निर्गम या पुस्तकातले वाचन गाळता येत नाही. कम्युनियनपूर्वी तासभर काही खायचे नसते, पाणी आणि औषध चालते. परंतु विधी लांबतो, म्हणून संध्याकाळी सहाला नीट जेवून जावे. मी उगाच दुपारपासून उपाशी राहिले नाही, कारण मावशीने मला भात-आमटीच्या पानावरून उठू दिले नव्हते.

ख्रिस्तप्रसाद हातावर घेणार असाल तर डावा तळहात उजव्यावर, छातीच्या उंचीला. फादर ‘‘ख्रिस्ताचे शरीर’’ म्हणतात, आपण ‘‘आमेन’’. आणि तिथेच, बाजूला सरकून, उजव्या हाताने तोंडात घालायचे, जागेवर घेऊन जायचे नाही. माझ्या हातांना सायंकाळपासून धरलेल्या मेणबत्तीचे मेण लागलेले होते आणि ते निघता निघेना, एवढीच त्या क्षणाची स्पष्ट आठवण आहे. भाव वगैरे नंतर आले, जागेवर बसल्यावर, आणि ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. आई-बाबा रत्नागिरीहून आले होते. आई माझ्या मागे रांगेत होती. बाबा मागच्या बाकावर.

लगेच सोमवारी, 21 एप्रिलला, पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. मी त्या आठवड्यात रोज सकाळच्या मिस्सेला जायचे ठरवले होते. युखरिस्तिक प्रार्थनेत, म्हणजे मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत, पोप आणि बिशप यांची नावे घेतात, हे मी महिन्यांपूर्वी शिकले होते. आणि आता पोपच्या नावाची जागा रिकामी जात होती, फादर थेट बिशपांच्या नावाकडे येत. 8 मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाव प्रथमच आमच्या वेदीवर उच्चारले गेले, तेव्हा बाकांतून दोन-चार जणांनी मान वर केलेली मला दिसली. मीही केली.

दृढीकरण 8 जूनला, पवित्र आत्म्याच्या सणाच्या रविवारी झाले. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसला होता आणि मंडपावर ताडपत्री घालूनही पहिल्या दोन रांगा भिजल्या. दहावीच्या मुलांच्या रांगेत मी उंचीने नव्हे, वयाने उठून दिसत होते. धर्ममाता म्हणून मावशी. तिने उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवायचा असतो. बिशप कपाळावर अंगठ्याने ख्रिझम तेलाचा क्रूस काढतात. हे तेल ऑलिव्हचे, सुगंधी बाल्सम मिसळलेले, बिशपांनीच आशीर्वादित केलेले असते. दृढीकरणाच्या वेळी संताचे एखादे नवे नाव घेता येते, सक्ती नसते. वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला मी लहानपणी आजीबरोबर गेलेली, तेव्हा मोह झाला. परंतु एका नावाच्या दुरुस्तीला तीन महिने गेल्यावर कागदोपत्री आणखी एक नाव वाढवण्याचे धैर्य मला झाले नाही.

एक काम यानंतरही उरते आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दृढीकरण दुसऱ्या धर्मग्रामात झाले असेल तर त्याची सूचना बाप्तिस्मा झालेल्या चर्चला पाठवली जाते आणि बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीसमोर समासात तिची नोंद होते. हे पत्र आमच्या कार्यालयाने पाठवले, पण पोचले की नाही याची खात्री आपणच करावी. लग्नासाठी वगैरे बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला, नव्याने काढलेलाच चालतो तो याचसाठी, की समासातल्या या नोंदी त्यात याव्यात. ऑगस्टमध्ये मी पुन्हा आजीच्या गावी गेले. त्याच कारकुनांनी वही काढली. या वेळी महिना विचारावा लागला नाही. समासात बाबांच्या नावाचा शेरा होता, त्याखाली दृढीकरणाची तारीख. नव्या दाखल्याचे शंभर रुपये घेऊन त्यांनी पावती फाडली आणि जेवणाची सुट्टी असल्यामुळे कार्यालय बंद केले.